दोन बोटं वर आलेल्या नळ्या

लोवेल ब्रँडव्होल्ड कसा माणूस आहे असं आमच्या टॅमरॅक फॉल्स गावात कुणालाही विचारा. चांगला आहे, पण तोंडाचा फटकळ, असंच उत्तर मिळेल. त्याच्या फटकळपणाचा मोठा वाटा माझ्या पदरात पडला, कारण मी बुटकी आहे आणि तरीही मोटरसायकल चालवते.

पोटापाण्यासाठी मी शाळेची बस चालवते. बसची सीट खालीवर होते, तिथे उंचीचं काही अडत नाही. मोटरसायकलचं तसं नसतं. थांबलं की पाय टेकावा लागतो, आणि माझे दोन्ही पाय कुठल्याही गाडीवरून आजवर पुरते टेकलेले नाहीत. मग मी थांबताना सीटवरून अर्धी एका बाजूला सरकते आणि एका चवड्यावर सगळा भार तोलते. फुटपाथ दिसला की त्याच्या कडेला जाऊन थांबते, म्हणजे तेवढीच चार-सहा इंचांची मदत. ही कसरत लोवेल चाळीसएक वर्षं बघत आला. "कोरीन, शिडी आणू का?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. दुसरं, "बाईसाहेब उतरतायत, जागा द्या." लोक हसायचे. मीही हसायचे, दुसरं काय करणार? पण घरी जाऊन भांडी आपटायचे.

माझ्या गाडीची उंची कमी करून दिली ती मात्र त्यानेच. मागून खाली घेतली, पुढून खाली घेतली, मग गाडी फार सरळ उभी राहायला लागली म्हणून तिचं स्टँड कापून आखूड केलं. काम असं चोख की आजवर पान्याचा हात लावावा लागला नाही. स्टँडचा कापलेला तुकडा त्याने गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगला आणि वर माझं नाव लिहिलं. नंतर आणखी दोघातिघांच्या गाड्या खाली घेतल्या, त्यांचेही तुकडे तिथेच लागले. ती भिंत बघितल्याशिवाय लोवेलच्या गॅरेजातून कुणी बाहेर पडत नसे, तोच पडू देत नसे.

लोवेल एका दूधवाल्या शेतकऱ्याचा धाकटा मुलगा. गायींचा त्याला कंटाळा. शाळा संपली तसा कागदाच्या गिरणीत लागला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. कागद ज्या मोठ्या गोल फिरत्या रुळांवरून धावतो ते रूळ एका रेषेत बसवणं हे त्याचं काम. रूळ केसभर तिरका राहिला तर कागद फाटतो आणि अख्खी गिरणी थांबते. त्यामुळे अंदाजाने केलेल्या कामाचा त्याला मनापासून राग. त्याची बायको आर्डिस सांगते, लग्नाच्या दिवशीसुद्धा त्याने चर्चमधली वाकडी तसबीर आधी सरळ केली आणि मग तिच्या शेजारी उभा राहिला.

दर वसंतात, बर्फ वितळून रस्ते मोकळे झाले की एका शनिवारी आम्ही सगळे गाड्या घेऊन लोवेलच्या अंगणात जमतो. आर्डिस बटाट्याची कोशिंबीर करते, कुणी सॉसेज भाजतं, बाकीचे बिअर आणतात. हा मापाचा दिवस. माणूस बसल्यावर त्याच्या वजनाने गाडी पुढून किती दबते आणि मागून किती, हे मोजायचं आणि त्याप्रमाणे स्प्रिंगा आवळायच्या किंवा सैल करायच्या. हिवाळ्यात घरात बसून प्रत्येकाचं वजन वाढलेलं असतं, म्हणून दर वर्षी नव्याने मोजावं लागतं. ज्याचं माप घ्यायचं त्याने जाकीट, बूट, हेल्मेट सगळं घालून दोन्ही पाय वर घेऊन गाडीवर बसायचं. एकाने हँडल धरून गाडी सरळ ठेवायची आणि दुसऱ्याने टेप लावायचा. टेप लोवेलच्या हातात. "पोट आत ओढू नकोस, गाडीला कळतं," असं तो सगळ्यांदेखत म्हणायचा. हे माप स्वतःचं स्वतःला घेता येत नाही. गाडीवर बसलेला माणूस खाली वाकला की माप बदलतं. लोवेलचं माप दर वर्षी ड्वेन थीलेन घ्यायचा.

ड्वेन उंच, काडीसारखा बारीक आणि मुखदुर्बळ. दुधाचा टँकर चालवायचा. बायको गेल्यावर त्याला एक मोटरसायकल तेवढी राहिली. दर उन्हाळ्यात एकटा पश्चिमेकडे डोंगरांत निघून जायचा आणि परतला की "बरं होतं" एवढंच सांगायचा. लोवेलचं आणि त्याचं कसं जमलं देव जाणे. एक बोलायचा थांबत नाही, दुसरा बोलायला सुरुवात करत नाही. गेल्या हिवाळ्यात मात्र ड्वेन जवळपास रोज लोवेलच्या गॅरेजात असे, कारण लोवेलने आपल्या जुन्या गाडीचे पुढचे शॉकअप बदलायला काढले होते.

जुन्या नळ्या गंजाने खरवडल्या होत्या, तेल गळत होतं. भंगारच्या आवारात एका ठोकलेल्या शर्यतीच्या गाडीचे पुढचे शॉकअप त्याला सापडले. जाड, सोनेरी, जवळपास नवे. ते आपल्या गाडीला बसवायला त्याने अख्खा हिवाळा घेतला. बेअरिंग वेगळी, चाकाचा दांडा वेगळा, सगळं स्वतः तासून बसवलं. काम झाल्यावर ड्वेनने मला फोन करून सांगितलं, "कोरीन, जाऊन बघ. सुंदर आहे." ड्वेन आपणहून फोन करतो म्हणजे खरंच सुंदर असणार, हे मी ओळखलं.

एक गोष्ट मात्र ड्वेनच्याही लक्षात आली नव्हती. नवे शॉकअप जुन्यांपेक्षा लांब होते, त्यामुळे गाडी पुढून उंच झाली. आणि लोवेल स्वतः आखूड झाला होता. दोन वर्षांपूर्वी त्याचा खुबा बदलला, पाठीचे मणके बसले. आर्डिस त्याच्या पँटी गुपचूप खालून दुमडून शिवत होती. तो तिला म्हणायचा, हल्लीच्या पँटी लांबच येतात. ती म्हणायची, हो ना.

एप्रिलमधली गोष्ट. मी मुलांना घेऊन मेन स्ट्रीटच्या चौकात थांबले होते. समोरून लोवेल आला. सोनेरी शॉकअप उन्हात चमकत होते, मुलं खिडक्यांना चिकटली. तो थांबला, डावा पाय खाली सोडला, आणि पाय जमिनीपर्यंत पोचेना. गाडी हळूहळू कलली. तो तिला धरायला गेला आणि तिच्याबरोबरच आडवा झाला. पोस्टमन धावला, दोघांनी मिळून गाडी उभी केली. मुलं असताना मला बस सोडता येत नाही, मी नुसती बघत राहिले. लोवेलने मान वर केली आणि त्याला बस दिसली, बसमधली मी दिसले. तो गाडी ढकलत माझ्या खिडकीखाली आला.

"रेती," तो म्हणाला. "हिवाळ्यात बर्फावर टाकलेली रेती अजून पडलीय चौकात. कुणीतरी झाडायला नको का?"

चौक आदल्याच दिवशी झाडून धुतला होता. रस्ता ताटासारखा स्वच्छ होता. मी म्हटलं, "हो, कुणीतरी झाडायला हवी." मला त्याची दया आली, आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटली. इतक्या वर्षांच्या शिडीचं व्याज मिळाल्यासारखं वाटलं.

मापाच्या दिवशी मी गेले तेव्हा माझी नजर आधी त्याच्या गाडीकडे गेली. शॉकअपच्या नळ्या हँडलपाशी पट्टीत आवळलेल्या असतात. त्या पट्टीतून वर सरकवल्या की गाडी पुढून खाली येते. फुकटचं काम, चार बोल्ट सैल करायचे आणि पुन्हा आवळायचे. लोवेलच्या नळ्या पट्टीच्या चांगल्या दोन बोटं वर आल्या होत्या. मागची बाजू मात्र जशीच्या तशी. गाडी मान खाली घातल्यासारखी दिसत होती.

हे चुकीचं आहे हे मला कुणी शिकवलं? लोवेलनेच. पुढून जितकी खाली, तितकी मागून खाली, हे त्याने आम्हाला इतक्यांदा ऐकवलंय की झोपेत विचारलं तरी सांगू. नुसती पुढून खाली घेतली की गाडी वळायला चपळ होते, पण वेगात हँडलला स्थिरपणा उरत नाही. रस्त्यात दणका बसला तर हँडल डावं-उजवं झटके द्यायला लागतं, आणि ते हातांनी थांबवता येत नाही. मागून खाली घ्यायची तर स्टँड कापावं लागणार. कापलेलं स्टँड आमच्यात लांबूनच ओळखू येतं. म्हणजे त्या भिंतीवर पुढचा तुकडा लोवेलचा.

मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "लोवेल, नळ्या फार वर घेतल्यास."

"अस्सं? कुठल्या कॉलेजात शिकलीस?"

"तुझ्याच. मागचं का नाही खाली घेतलंस?"

यावर त्याने आवाज चढवला, सगळ्यांना ऐकू जाईल इतका. "अरे बघा, कोरीनबाई मला शॉकअप शिकवतायत. आधी पाय जमिनीला लाव, मग माझ्या गाडीला हात लाव."

लोक हसले. माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी म्हटलं, ठीक आहे बाबा, तुझी गाडी, तुझं नशीब, आणि कोशिंबिरीकडे वळले.

सगळ्यांची मापं झाली. ड्वेन टेप घेऊन लोवेलकडे गेला. "चल, बस."

"माझं झालंय," लोवेल म्हणाला.

"कुणी घेतलं?"

"मीच."

ड्वेन टेप हातात धरून उभा राहिला. स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि हे वाक्य त्यातल्या बहुतेकांनी पहिल्यांदा लोवेलच्याच तोंडून ऐकलेलं होतं. लोवेलचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. आमच्याकडे माणसाला खोटं पाडण्यापेक्षा सॉसेज उलटायला जाणं सोपं पडतं. ड्वेनने टेप गुंडाळून खिशात टाकला.

पुढच्या शनिवारी पहिली फेरी होती. नदीपलीकडच्या एका कॅफेत जायचं, कॉफी प्यायची, दालचिनीचे रोल खायचे, परत यायचं. दर वर्षी लोवेल सगळ्यात पुढे असतो. यंदा तो सगळ्यात मागे राहिला. खुबा कुरकुरतोय, म्हणाला. थांबायच्या पाटीवर तो पूर्ण थांबतच नव्हता, रांगत रांगत पुढे काढत होता. आणि कॅफेसमोर आम्ही सगळ्यांनी मोकळ्या जागेत गाड्या लावल्या, तर हा मुद्दाम वळसा घालून फुटपाथच्या कडेला गेला आणि पाय त्याच्यावर टेकवून उतरला. माझी युक्ती. मी हसणार होते, पण त्याने उतरल्या उतरल्या आजूबाजूला कुणी बघितलं का ते बघितलं, तसं माझं हसू गेलं. हे असं बघणं मला चांगलं ठाऊक आहे. चारचौघांत लाज लपवत जगायचा मला लहानपणापासूनचा सराव होता. त्याला नव्हता.

पहिल्या फेरीला आमच्यात एक रीत आहे. कॉफी झाली की किल्ल्या बदलायच्या आणि परतताना दुसऱ्याची गाडी चालवायची. कुणाची किल्ली कुणी मागितली तर नाही म्हणायचं नसतं. ड्वेनने आपली किल्ली टेबलावर सरकवली आणि लोवेलपुढे हात केला.

"तुझी सोनेरी बघू दे की."

लोवेलने कप खाली ठेवला. तो काहीतरी बोलणार हे मला स्पष्ट दिसलं. त्याचं तोंड उघडलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. नळ्या वर आहेत, वेगात नेऊ नकोस. पण मग का वर आहेत हा पुढचा प्रश्न आला असता, आणि टेबलाभोवती आम्ही सगळे होतो, त्यात मी होते.

"जपून चालव," तो म्हणाला. "नवीन आहे."

"मी कधी जपून चालवली नाही?" ड्वेन म्हणाला. ते खरंच होतं.

ड्वेनची गाडी ठेंगणी, लांबोडकी. लोवेल तिच्यावर बसला आणि त्याचे दोन्ही तळवे जमिनीला सपाट लागले. परतताना मी त्याच्या मागेच होते. रस्ता मोकळा होता, त्याने वेग घेतला, त्याच्या आरशात त्याचा चेहरा मला दिसत होता. किती दिवसांनी तो माणूस गाडीवर सुखाने बसला होता! त्याच वेळी समोर, नदीकडच्या उतारावर, ड्वेन पुलाच्या तोंडाशी पोचला. पूल सुरू होतो तिथे रस्त्याला एक लोखंडी पट्टी आहे, नेहमीचा दणका. पुढचं चाक त्यावरून गेलं आणि हँडल झटके द्यायला लागलं. ड्वेनचे दोन्ही हात इकडून तिकडे फेकले जाताना लांबूनही दिसले. गाडी कठड्याला घासून परत फिरली आणि आडवी झाली. ड्वेन बराच लांब घसरत गेला.

गळ्याजवळचं हाड मोडलं, डावं मनगट मोडलं, बरगड्या दुखावल्या. जीव वाचला. रुग्णवाहिका येईपर्यंत लोवेल त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसून होता आणि ड्वेन, जो एरवी बोलत नाही, तो सारखं एकच म्हणत होता. "माफ कर, लोवेल. तुझी गाडी. माझ्याच्याने धरली नाही. मला धरता आली नाही."

लोवेलने यावर काय म्हणावं? तो म्हणाला, "गप्प पडून राहा."

पाच-सहा दिवस मी वाट बघितली, मग त्याच्या गॅरेजात गेले. गाडी आत उभी होती, टाकी चेपलेली, हँडल वाकडं. माझी नजर पट्टीकडे गेली. नळ्या खाली घेतलेल्या होत्या. पट्टीच्या बरोबर, जिथे असायला हव्यात तिथे. आधी त्या कुठे होत्या याची खूणसुद्धा त्याने फडक्याने पुसून काढली होती.

"लोवेल, हे काय केलंस?"

"दुरुस्ती," तो माझ्याकडे पाठ करून म्हणाला.

"मी बघितल्या होत्या त्या दिवशी."

"माहीत आहे. कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग?"

"मग काय मग? तू बोल."

तेव्हा तो वळला. मी त्याला कधी असं बघितलं नव्हतं. हातातलं फडकं तो नुसता पिळत होता. "काय बोलू? की माझे पाय पुरत नाहीत? गाडी माझ्या हातात राहत नाही म्हणून मी ती बिघडवली, आणि ती बिघडलेली गाडी ड्वेनच्या हातात दिली? हे सांगू?"

"हो, हेच."

"तुला सोपं आहे."

"मला?" मी म्हटलं. "माझे पाय जन्मात पुरले नाहीत. तू ते रोज सगळ्या गावाला सांगितलंस. मी मेले का?"

"तुझं वेगळं," तो हळूच म्हणाला. "तुझं पहिल्यापासूनच होतं."

मला इतका राग आला की मी तिथून निघून आले. भिंतीवरचा माझा तुकडा उपटून न्यायचं मनात आलं होतं, पण हात पोचला नाही. खिळा त्याने त्याच्या जुन्या उंचीने मारलेला होता.

त्यानंतर ड्वेन इस्पितळातून घरी आला. मी त्याच्याकडे जेवणाला कॅसरोल करून घेऊन गेले तर त्याची गाडी रस्त्याकडे तोंड करून हिरवळीवर उभी होती, आणि हँडलला पुठ्ठा बांधला होता. विकणे आहे.

"हे काय, ड्वेन?"

"बास झालं," तो म्हणाला. हात गळ्यात बांधलेला होता. "माझ्या हातांत राम राहिला नाही, कोरीन. नेहमीचा पूल, नेहमीचा दणका, आणि मला हँडल धरता येऊ नये? लोवेलने इतक्या मेहनतीने केलेली गाडी. आज मी पडलो. उद्या कुणाच्या पोराला घेऊन पडेन."

खरं माझ्या जिभेवर आलं होतं. पण ते मी सांगितलं असतं तर ती नुसती चहाडी झाली असती, आणि ड्वेनला ते लोवेलकडूनच ऐकायला हवं होतं. मी तडक लोवेलकडे गेले. आर्डिसने दार उघडलं, माझा चेहरा बघून काही विचारलं नाही.

"ड्वेन गाडी विकतोय," मी लोवेलला म्हटलं. "हात गेले म्हणतो. स्वतःला म्हातारा समजून बसलाय, तुझ्यापायी. ज्याची तुला लाज वाटत होती ना, ते सगळं तू त्याच्या गळ्यात बांधलंस."

लोवेल खुर्चीत खाली खाली गेला. त्याला हे माहीत नव्हतं. तो घराबाहेरच पडत नव्हता, मग तो पुठ्ठा त्याला दिसणार कुठून? आर्डिस दारात उभी राहून म्हणाली, "जा, लोवेल." तिने हे आधीही म्हटलं असणार, तिच्या आवाजावरून कळत होतं.

तरी तो लगेच गेला नाही. उद्या जातो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पाऊस होता. मग खुबा दुखत होता. मग म्हणे गाडीचं हँडल सरळ करू दे, तसं कसं जाऊ. मी रोज बस लावून घरी जाताना त्याच्या गॅरेजात डोकावायचे आणि तो काहीतरी घासत बसलेला असायचा. लाज माणसाला किती कामं सुचवते ते मी त्या दिवसांत बघितलं.

शेवटी एका रविवारी, चर्च सुटल्यावर, त्याने मला बोलावलं. गाडी ट्रेलरवर चढवली होती. "तू चल," तो म्हणाला. "मला कुणीतरी गाडी धरायला लागेल." एवढं वाक्य बोलायलाही त्याला त्रास झाला.

ड्वेन पायरीवर बसला होता. आम्ही गाडी उतरवून हिरवळीवर आणली. मी हँडल धरलं. लोवेलने एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, पाय मोठ्या कष्टाने पलीकडे टाकला आणि सीटवर बसला. मग दोन्ही पाय खाली सोडले. ते लोंबत राहिले. बुटांचे शेंडे गवताला कसेबसे लागत होते.

"बघ," लोवेल म्हणाला.

ड्वेन बघत राहिला. त्याला आधी समजलं नाही.

"आत्ता जशी आहे तशी ही बरोबर आहे. अशी असली की माझे पाय लागत नाहीत. म्हणून मी नळ्या दोन बोटं वर घेतल्या होत्या. मागून काही केलं नव्हतं. तुझ्या हातांना काहीही झालेलं नाही, ड्वेन. तिथे कुणाच्याही हातात ती राहिली नसती."

ड्वेन उठून जवळ आला आणि एकेक करून विचारू लागला, शांतपणे.

"त्या दिवशी नळ्या वर होत्या."

"होत्या."

"काय होऊ शकतं ते तुला माहीत होतं."

"होतं."

"मी किल्ली मागितली तेव्हा?"

"तेव्हाही." लोवेलचा आवाज बसला. "मला लाज वाटली, ड्वेन. सगळ्यांसमोर सांगायची लाज वाटली."

मी हिरवळीकडे बघितलं. ड्वेनची गाडी जिथे उभी असायची तिथे गवत पिवळं पडलं होतं, चाकांच्या खुणा रस्त्याकडे गेल्या होत्या. पुठ्ठा कचऱ्याच्या डब्यात उभा खोचलेला होता.

"काल गेली," ड्वेन म्हणाला. "आयोवाचा एक मुलगा घेऊन गेला."

लोवेलने डोळे मिटले. उतरायला म्हणून तो जरा हलला, तशी गाडी कलायला लागली आणि मी घट्ट धरली.

"कोरीन, तू सोड," ड्वेन म्हणाला. "मी धरतो."

"एका हाताने?"

"सोड."

मी हात काढले. ड्वेनने उजव्या हाताने हँडलचा मध्य धरला. जड गाडी, वर तो जडच माणूस, आणि ड्वेनचा एक बारीक हात.

"आता सांग," तो लोवेलला म्हणाला. "हलतेय का गाडी?"

"नाही."

"नीट बघून सांग."

"नाही हलत, ड्वेन."

"पुलावर पडल्यावर मी डॉक्टरला सांगितलं की माझे हात थरथरतात. त्याने गोळ्या दिल्यात. रोज सकाळी घेतो."

लोवेलच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायला त्याने हात उचलला नाही, हँडल सोडायची त्याला भीती वाटत होती. ड्वेनने त्याला उतर म्हटलं नाही, आणि आधाराशिवाय त्याला उतरता येत नव्हतं. ड्वेन गाडी धरून उभा राहिला आणि लोवेल तसाच वर बसून राहिला.